सोलापूर ते नग्गर : बारा जणांचा काटकसरीचा कुल्लू प्रवास

कुल्लू खोऱ्यात जायचे, पण माणशी पंधरा हजारांच्या वर एक रुपयाही जाता कामा नये, या अटीवर आमच्या गल्लीतील भिशीची मंडळी सहलीला तयार झाली. गटात बारा जण होते. त्यांत सत्तरी ओलांडलेल्या आत्या होत्या, यंत्रमागावर उमर घालवलेले काका होते, दोन नोकरदार जोडपी होती आणि कॉलेजातली मुलेही होती. सुरुवातीला रीतीप्रमाणे एका सहल कंपनीकडून दरपत्रक मागवले आणि त्यातील रकमा निरनिराळ्या लिहून काढल्या. तेव्हा असे दिसले की हॉटेलच्या भाड्यात फारशी घासाघीस करण्याजोगे काही नाही. खरा बोजा होता तो दररोज दारात उभ्या राहणाऱ्या गाडीचा आणि दर दोन दिवसांनी बदलणाऱ्या मुक्कामाचा. आपण देवळात बसलेले असू किंवा दुपारी झोपलेले असू, गाडीचे भाडे दिवसाच्या हिशेबाने चढतच असते. म्हणून आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. मुक्काम एकाच गावी करायचा आणि स्वतंत्र गाडी फक्त एका दिवसापुरती घ्यायची. पुढचे सगळे नियोजन या दोन निर्णयांभोवतीच झाले.

तारखांचा प्रश्न देवीने सोडवला. आमच्यातले चौघे दर कोजागिरीला सोलापुराहून तुळजापूरला चालत जातात, त्यामुळे पौर्णिमेआधी निघणे शक्यच नव्हते, आणि दिवाळीला घरी असणे भाग होते. मधला हा काळ कुल्लूसाठी उत्तम ठरतो. पावसाळा संपलेला असतो आणि आकाश स्वच्छ असते. कुल्लूचा दसरा विजयादशमीला सुरू होऊन सात दिवस चालतो, तोही आटोपलेला असल्यामुळे खोल्या सहज मिळतात. मे महिन्यात सोलापूरच्या उन्हाला कंटाळून जावेसे वाटते हे खरे, पण त्या वेळी सगळा उत्तर भारत मनालीत उतरलेला असतो. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र स्वस्त मिळते म्हणूनही जाऊ नये. त्या दिवसांत मंडीच्या पुढे दरडी कोसळून रस्ता बंद पडतो, आणि जुलै 2023 मध्ये बियास नदीने या महामार्गाचे मोठे भाग वाहून नेले होते.

सोलापूरकरांना दिल्लीसाठी कर्नाटक एक्स्प्रेस सोयीची पडते. ती सकाळी सोलापूरला येते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नवी दिल्लीला पोहोचवते. आरक्षण आता 60 दिवस आधी उघडते आणि एका तिकिटावर सहाच प्रवासी बसतात, तेव्हा बारा जणांसाठी दोन तिकिटे एकाच वेळी दोघांनी काढावीत. जाताना आम्ही स्लीपरने गेलो आणि येताना थर्ड एसीने आलो, कारण जाताना अंगात उत्साह असतो आणि येताना गुडघे बोलू लागतात. नवी दिल्ली स्थानकावरच्या क्लोक रूममध्ये कुलूप नसलेले सामान घेत नाहीत, म्हणून प्रत्येक बॅगेला कुलूप हवेच. संध्याकाळपर्यंत तेथे सामान ठेवून दिल्ली पाहता येते. त्यानंतर मेट्रोच्या पिवळ्या मार्गाने तिसऱ्याच थांब्यावर काश्मिरी गेट येते आणि तेथील आंतरराज्य बस स्थानकातून हिमाचल परिवहनच्या रात्रीच्या गाड्या सुटतात. आमच्या गाडीची जागा ऑनलाइन आधीच राखून ठेवलेली होती. पुढे डोंगरात वळणे सुरू होतात, तेव्हा ज्यांना गाडी लागते त्यांनी उलटीची गोळी दिल्लीतच घ्यावी.

या बसचे तिकीट मनालीचे काढले तरी आम्ही मनालीला उतरलो नाही. कुल्लूच्या पुढे पतलीकुहल नावाचा थांबा आहे. तेथून पूल ओलांडून बियासच्या डाव्या तीरावर गेले की सुमारे सहा किलोमीटरवर, 1,800 मीटर उंचीच्या आसपास नग्गर हे गाव लागते. कुल्लूच्या राजांची ही जुनी राजधानी. मनाली येथून वीस-बावीस किलोमीटरवर आणि कुल्लू साधारण तेवढ्याच अंतरावर असल्यामुळे दोन्हीकडे बसने जाऊन संध्याकाळी परतता येते. मनालीच्या बाजारात मुक्काम केला असता तर खोली महाग पडली असती आणि रात्री उशिरापर्यंत गाड्यांचे भोंगे ऐकावे लागले असते. आम्ही एका घरगुती निवासात तिघांची एक अशा चार खोल्या घेतल्या. ठरवताना तीन गोष्टी फोनवरच स्पष्ट विचारून घ्याव्यात : गरम पाणी किती वेळ मिळते, जास्तीच्या रजईचे पैसे वेगळे आहेत का, आणि स्वयंपाकघर वापरू देतात का.

तिसऱ्या प्रश्नाने आमचे बरेच पैसे वाचवले. सोलापुराहून कडक भाकरीच्या चवडी, शेंगाचटणीचे डबे आणि भाजलेले पोहे एवढे सामान नेले होते. कडक भाकरी प्रवासात तुटते हे खरे, पण तुटली म्हणून बिघडत नाही, कारण ती शेवटी दह्यात किंवा आमटीत कुस्करूनच खायची असते. सकाळी गटातल्या मामी घरमालकिणीकडून दही घेत, मोठ्या पातेल्यात भाकरीचे तुकडे भिजत घालत आणि वर चटणी भुरभुरत. बारा जणांची न्याहारी चहाच्या खर्चात होई. दुपारी जेथे असू तेथे राजमा-चावल खायचा आणि रात्रीचे जेवण निवासातच सांगायचे, असा क्रम ठेवला. फक्त एक दिवस सिड्डू मुद्दाम सांगून करवून घेतले. आंबवलेल्या कणकेच्या पोटात अक्रोडाचे सारण भरून ते वाफवतात आणि वर सढळ हाताने तूप ओततात. आत्यांनी त्याला आपल्या दिंडांचा भाऊ ठरवले आणि दुसरे मागून घेतले.

नग्गरमध्येच एक पूर्ण दिवस जातो, आणि तोही जवळजवळ बिनखर्चाचा. तेथील जुना राजवाडा आता हिमाचल पर्यटन महामंडळाचे हॉटेल आहे, पण थोडे प्रवेशशुल्क देऊन आत जाता येते. त्याच्या भिंतीजवळ थोडे थांबावे. देवदाराचे लांब वासे आणि घडीव दगड यांचे आलटून पालटून थर दिलेले आहेत आणि मध्ये चुना-सिमेंट काही नाही. या पद्धतीला तेथे काठकुणी म्हणतात. 1905 च्या कांगडा भूकंपातही ही वास्तू न पडता टिकून राहिली, कारण असे थर धक्का बसला की थोडे हलतात आणि पुन्हा बसतात. काकांनी दोन थरांच्या सांध्यावरून बोट फिरवले आणि उभ्या-आडव्या धाग्यांसारखे हे बांधकाम आहे, एवढेच म्हणाले. वर चढणीवर रशियन चित्रकार निकोलस रोरिक यांचे घर आणि चित्रदालन आहे. 1947 मध्ये निधन होईपर्यंत ते येथेच राहत होते. चढण वयस्करांना जड जाते, त्यांच्यासाठी तेवढ्यापुरती टॅक्सी करावी.

मनालीला आम्ही डाव्या तीराच्या साध्या बसने गेलो. ही बस म्हणजे निम्मे खोरे पाहणे आहे. पट्टू हे लोकरी वस्त्र नेसलेल्या बायका किल्टा नावाची निमुळती टोपली पाठीवरून उतरवून दारातच ठेवत होत्या आणि कंडक्टर प्रत्येक वाडीला नावाने हाका मारत होता. मात्र शाळा-कचेरीच्या वेळी गर्दी फार असते, आणि परतीची शेवटची बस लवकर निघून जाते. ती किती वाजता आहे हे सकाळी उतरतानाच विचारून ठेवावे. मनालीत 1553 मध्ये बांधलेले हिडिंबेचे देऊळ देवदारांच्या दाटीत आहे, ते पाहावे. वशिष्ठ गावात गरम पाण्याची कुंडे आहेत, स्त्रियांसाठी वेगळे आणि पुरुषांसाठी वेगळे, आणि स्नानाला पैसे लागत नाहीत. मॉल रोडवर आम्ही अर्धा तास घालवला, तो अर्धा तास जास्तच झाला.

स्वतंत्र गाडी घेतली ती रोहतांगच्या पलीकडे लाहौल खोऱ्यात असलेल्या सिस्सू गावासाठी. बारा आसनांची टेम्पो ट्रॅव्हलर पूर्ण भरली की माणशी भाडे बसच्या जवळपास येते. गट बाराचाच ठेवण्यामागचे कारण हेच होते, कारण तेरावा माणूस आला की दुसरी गाडी येते. दर ठरवताना स्टँडवरचे टॅक्सी युनियनचे दरपत्रक आधी पाहावे आणि थांबण्याचे तास बोलून घ्यावेत. रोहतांग खिंडीचा (3,978 मीटर) आग्रह आम्ही सोडला, कारण तेथे परवाना लागतो, वाहनांची रोजची संख्या मर्यादित आहे आणि मंगळवारी खिंड पर्यटकांसाठी बंद असते. 3 ऑक्टोबर 2020 रोजी खुल्या झालेल्या 9.02 किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्यातून मात्र लाहौलला परवान्याशिवाय जाता येते. अलीकडे हिरवी देवदारे आणि पलीकडे उघडे, कोरडे, पिवळट डोंगर, असा पालट दहा-पंधरा मिनिटांत घडतो. वाटेत बर्फाचे कपडे भाड्याने देणारी दुकाने गाडी थांबवायला लावतात. ऑक्टोबरमध्ये रस्त्यालगत सहसा बर्फ नसतो, तेव्हा तो खर्च सरळ टाळावा. सिस्सू 3,100 मीटरच्या आसपास आहे. रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच जावे, आणि तेथे पोहोचल्यावर मुलांनीही धावाधाव करू नये. मोबाइलला रेंज नसली तर अडचण नको म्हणून रोख पैसे जवळ असू द्यावेत.

गरम झरे आणि गुरुद्वारा असलेल्या मणिकरणला जाण्यास भुंतरला बस बदलावी लागते आणि तेथून पार्वती नदीच्या कडेने पस्तीस किलोमीटरचा अरुंद रस्ता आहे. दिवस पूर्ण जातो. गुरुद्वाऱ्यातील लंगर सर्वांना खुला आहे, आणि तांदळाची पुरचुंडी उकळत्या झऱ्यात शिजताना पाहायला मिळते. पोटभर जेवून दानपेटीत काही टाकावे, लंगर म्हणजे खर्च वाचवण्याची युक्ती नव्हे.

एक ताकीद मात्र प्रत्येक गटप्रमुखाने कडकपणे द्यावी. बियास किंवा पार्वतीच्या पात्रात फोटोसाठी उतरू नये. 8 जून 2014 रोजी मंडी जिल्ह्यात थलौट येथे लारजी धरणातून अचानक सोडलेल्या पाण्यात हैदराबादच्या महाविद्यालयाचे 24 विद्यार्थी वाहून गेले. दगड कोरडे दिसतात म्हणून पाणी दूर आहे असे तेथे समजू नये.

हिशेबाची वही एकाच माणसाकडे असावी. आमच्याकडे ती मामींकडे होती. निघण्यापूर्वी सर्वांची वर्गणी जमा झाली, वैयक्तिक खरेदी वहीबाहेर ठेवली आणि रोज रात्री जेवणानंतर जमाखर्च मोठ्याने वाचला गेला. शाली घ्यायच्या झाल्यास हातमागाच्या सहकारी संस्थेच्या दुकानातून घ्याव्यात. सोलापूरच्या माणसाला कापड ओळखता येते, पण तेथील लोकर ओळखता येईलच असे नाही.

थंडीसाठी प्रत्येकी एक स्वेटर, कानटोपी आणि पायमोजे पुरले. सकाळ-संध्याकाळ हुडहुडी भरते, दुपारी उन्हात स्वेटर काढावा लागतो. सोलापुरी चादरी आम्ही रेल्वेत वापरल्या, पुढे मात्र त्यांचे वजनच झाले, म्हणून दोघांत एक पुरे.

परतीसाठी बस आणि रेल्वे यांच्यामध्ये पूर्ण दिवस मोकळा ठेवावा. कर्नाटक एक्स्प्रेस दिल्लीहून रात्री सुटते. आमची बस रस्त्यावरच्या कामांमुळे काही तास अडकली, तरी सकाळऐवजी दुपारी पोहोचूनही गाडी हातची गेली नाही. ही गाडी सोलापूरला दुसऱ्या दिवशी रात्री उशिरा येते. त्या वेळी बारा माणसे आणि त्यांच्या बॅगा पाहून रिक्षावाले मागतील तो दर मागतात, म्हणून कोणी न्यायला येणार असेल तर कुर्डुवाडी गेल्यावर घरी फोन करावा.