उन्हाळी सायकल: १३० च्या आत

हिवाळ्यात विदर्भात कोणीही सायकल चालवील. खरी परीक्षा होळीनंतर. म्हणून ही नोंद फक्त उन्हाळ्याची, मार्च ते मृग.

नव्या सायकलवाल्यांसाठी माझी ओळख: वय ४९, वर्धा जिल्ह्यात सेलू तालुक्यातलं एक खेडं, तिथून नऊ किलोमीटरवरच्या हायस्कुलात विज्ञान शिकवते. सायकल लेकीची. ती पुण्याला शिकायला गेली तेव्हापासून गोठ्यात उभी होती. गियर नाहीत, पुढं टोपली. जानेवारीत तपासणी केली तर रक्तदाब १४८/९४ आणि एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १५२. गोळी सुरू झाली. डॉक्टरबाई म्हणाल्या, आठवड्याला दीडशे मिनिटं तरी दम वाढेल असं काही करा. मी गोठा झाडला.

९ मार्च

सकाळपाळी अजून सुरू व्हायचीय, त्यामुळे हा फेरा हौसेचा. शाळेच्या फाटकाला हात लावायचा आणि परत फिरायचं. जाताना ९ किमी, ३४ मिनिटं. अंगणातला तापमापक २१ दाखवत होता. हृदयाचे ठोके मिनिटाला सरासरी १२२.

लेकीनं दिवाळीत ठोके मोजणारा, छातीला बांधायचा पट्टा दिला होता, तो आता कामी येतोय. हिशेब साधा: २२० वजा वय म्हणजे जास्तीत जास्त ठोके १७१, त्याचे शेकडा ७६ म्हणजे १३०. मध्यम व्यायामाची वरची हद्द तिथं धरतात. सूत्र ढोबळ आहे, आणि ज्यांना ठोके मंद करणारी बीटा-ब्लॉकर जातीची गोळी आहे त्यांना हे लागूच पडत नाही. माझी त्यातली नाही. पट्टा नसेल तर बोलून पाहायचं. मी आवर्तसारणी म्हणते. एका दमात हायड्रोजनपासून ऑक्सिजनपर्यंत गेले तर बरोबर चाललंय. बोरॉनलाच धाप लागली की पाय सैल सोडायचे. निऑन ओलांडून सोडियमवर गेले, म्हणजे अंग चोरतेय.

२८ मार्च

तोच रस्ता, तोच वेग, सकाळचे २७ अंश. ठोके १२९. मला रागच आला. तीन आठवडे रोज चालवल्यावर आकडा उतरायला हवा, हा चढतोय.

मग दहावीच्या पोरांना जे शिकवते तेच स्वतःला शिकवलं. उन्हात हृदयावर दोन बिऱ्हाडांचा भार असतो. मांड्यांना रक्त हवंच असतं, त्यात अंग गार राखायला कातडीकडंही रक्त पाठवावं लागतं. घाम गेला की रक्तातलं पाणी कमी होतं, एका ठोक्यात कमी रक्त जातं, आणि तूट भरून काढायला ठोके वाढवावे लागतात. म्हणजे वेग तोच ठेवला तरी मेहनत तीच राहत नाही. ऊनसुद्धा मेहनतीत मोजावं लागतं.

तेव्हापासून वहीतला वेगाचा रकाना खोडला. आता दोनच रकाने: मिनिटं, आणि १३० च्या वर किती वेळा गेले.

११ एप्रिल

हे लिहायला लाज वाटते, पण लिहिते.

सकाळपाळी सात ते साडेअकरा. जाताना झकास, १२६. परतताना पावणेबारा वाजलेले, ४१ अंश, डांबराची वाफ तोंडावर. सकाळपासून पोटात एक कप चहा आणि दोन टोस. बाटली तिसऱ्या तासालाच संपलेली, आणि शाळेतला माठ भरायचा राहून गेलेला. पाचव्या किलोमीटरला पट्टा १५८ दाखवत होता आणि मी तर रमतगमत चालले होते. अंगावर काटा आला. उन्हात काटा येणं हे काही चांगलं लक्षण नव्हे, एवढं कळलं म्हणून उतरले, तर डोळ्यांपुढं अंधारी.

शेजारच्या वावरात कडुनिंबाखाली एक काका बसले होते. धावत आले, मला सावलीत बसवलं, दुपट्टा ओला करून मानेवर टाकला. "काहून मॅडम, जीव जड झाला काय तुमाले? सायकल काय पळून चालली होती?" त्यांच्या मडक्यातलं पाणी घोटघोट प्यायले. अर्ध्या तासानं उठता आलं. त्यांनी सायकल बैलबंडीत टाकली, मलाही टाकलं, आणि गावभर मिरवत आणलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात रक्तदाब १०२/६४. उन्हाळ्यात रक्तवाहिन्या सैल पडतात, बऱ्याच जणांचा दाब आपोआपच उतरतो. त्यात माझ्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं, आणि त्यात घाम. डॉक्टरबाईंनी गोळी बदलून दिली आणि चांगलं खडसावलं. ज्यांना अशी गोळी आहे त्यांनी उन्हं तापायच्या आधीच डॉक्टरांना विचारून घ्या. स्वतःच्या मनानं बंद करू नका, तेही तितकंच वाईट.

आता जाताना सायकल, येताना काळीपिवळी. सायकल टपावर बांधतो, माझे वीस आणि सायकलचे दहा. ड्रायव्हर म्हणतो, "मॅडम, तुमची सायकलच तुमच्यापेक्षा जास्त फिरून राहिली."

१४ एप्रिल

सुट्टी. गावात पहाटेपासून निळे झेंडे लागत होते. मिरवणुकीच्या आधी ५० मिनिटं फिरून आले, एकदाही १३० ओलांडला नाही. आजपासून नियम केला, निघायच्या आधी आंबील.

आंबिलीबद्दल पश्चिमेकडच्या मित्रांना सांगते: रात्री ज्वारीचं पीठ ताकात कालवून ठेवायचं, सकाळी ते पाण्यात सोडून ढवळत शिजवायचं, गार झालं की वरून आणखी ताक, जिरं, ठेचलेला लसूण. पोटाला जड होत नाही, तासभर भूक लागत नाही, पाणीही जातं आणि थोडं मीठही. बाजारातल्या रंगीत पाण्याच्या बाटलीपेक्षा मला हेच पटतं. त्या बाटलीतली साखर मला कशाला हवी!

२० एप्रिल

मिठाचं भांडण. हे सविस्तर लिहिते कारण घरोघरी हेच असणार.

एकीकडं सगळे सांगतात, उन्हाळ्यात मीठ-साखरेचं पाणी प्या. दुसरीकडं रक्तदाबवाल्यानं मीठ कमी करायचं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर. खरं काय करायचं? मी शाळेच्या प्रयोगशाळेतला काटा सुट्टीपुरता घरी आणला (मुख्याध्यापकांना सांगून), चार माणसांचं २० ग्रॅम मीठ मोजलं, वाटीत ठेवलं, आणि जाहीर केलं की आज दिवसभर याच वाटीतून घ्यायचं.

सासूबाईंनी वाटी हातात घेऊन उजेडाकडं धरली. तळाला जेमतेम पांढरा थर. "अवं माय, हे चार माणसाईचं? का देवाले नैवेद्य दाखवून राहिली?"

दुपारच्या जेवणालाच वाटी रिकामी. वरण, ढेमशाची भाजी, ठेचा, कोशिंबीर, एवढ्यात संपली. आणि पापड, लोणचं, मुगवड्या तर वाटीच्या बाहेरचं खातं! नेमका एप्रिल-मे हा आमच्याकडं वर्षाचं वाळवण घालायचा हंगाम. गच्चीवर धोतरं अंथरलेली, पापडखाराचा वास, आजूबाजूच्या बाया लाटायला आलेल्या. पापडखारातही सोडियमच असतं, हे मी बोलले आणि सगळ्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी लाटणं उचललं.

तोड अशी निघाली. ठेच्यात मीठ अर्धं आणि लिंबू दुप्पट. भातात मीठ बंद. पापड आठवड्यातून दोनदा, लोणच्याची फोड एक. आंबिलीतलं मीठ ठेवलं, पण चिमूटभर, आणि फक्त ज्या दिवशी तासाच्या वर सायकल असेल त्या दिवशी. साध्या तासभराच्या फेऱ्यानं जेवढं मीठ जातं तेवढं आपल्या जेवणात असतंच. शिवाय दहा-चौदा दिवस रोज थोडं थोडं उन्हात राहिलं की शरीर शिकतं: घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो, पण कमी खारट होतो. माझ्या काळ्या ओढणीवर मार्चअखेरीस पांढरे नकाशे उमटायचे, आता पुसट रेघा उमटतात. तीच ओढणी, तोच रस्ता.

२६ एप्रिल

८० मिनिटं. निघताना आणि आल्यावर वजन केलं: ८०० ग्रॅम कमी, म्हणजे बाटलीभर प्यायल्यावरही. आता दोन बाटल्या.

३ मे

सुट्ट्या लागल्या. बोर धरणाचा रस्ता सुरू केला. सावली आहे, चढ-उतार आहे, आणि धरणाच्या भिंतीवरून येणारा वारा फुकट. पण पेच असा की ऊन टाळायचं तर अंधारात निघावं लागतं, आणि हा व्याघ्र प्रकल्पाचा शेजार. तेंदूपत्त्याचा हंगाम चालू आहे. पत्त्याचे गठ्ठे डोक्यावर घेऊन परतणाऱ्या बायांपैकी एक थांबून म्हणाली, "बाई, उजाडल्याशिवाय इकडं येत नको जाऊ. आमी चौघीचौघी जातो, तरी भेव वाटते." त्यांच्यापैकी कोणी दीडशे मिनिटं मोजत नसेल. पहाटेपासून वाकून पानं खुडतात आणि ओझं घेऊन कोसभर चालतात.

म्हणून माझी वेळ ठरली: साडेपाचला तांबडं फुटल्यावर निघायचं, साडेसातच्या आत घरी. सोबत शेजारच्या वहिनी, त्यांच्याकडं घंटी मोठी आहे.

१२ मे

खाण्यातली एक गोष्ट जमली आहे ती सांगते. जवस. आमच्या भागात जवसाची चटणी नवी नाही, मीच मध्ये ती सोडून शेवेवर आले होते. लोखंडी तव्यावर, मंद आच, झाकण जवळ ठेवून. आधी काही होत नाही, मग एक दाणा उडतो, मग चारपाच, आणि एकदम तव्यावर पाऊस पडल्यासारखी तडतड. तडतड विरळ होत आली की उतरवायचं, तांबूस दिसेपर्यंत थांबलं तर कडू होतं. लसूण, जिरं, लाल मिरची आणि मिठाऐवजी वाळवलेल्या कैरीची फोड. अख्खा दाणा तसाच पोटातून निघून जातो, म्हणून कुटायचंच. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त ओमेगा-३ जातीचं आम्ल असतं, पण ते लवकर खवट होतं, म्हणून आठवड्याचंच कुटते, महिन्याचं नाही. ज्वारीची भाकर, ही चटणी, कांदा, मुंगण्याच्या (शेवग्याच्या) शेंगांचं वरण. शेंगा चोखत बसलं की माणूस हळू जेवतो, हाही फायदा धरा.

लग्नसराईचं मात्र विचारू नका. पंगतीत वांग्याच्या भाजीवर बोटभर तर्री. मी वाढप्याला म्हटलं, खालून वाढा. तो म्हणाला, "खालूनही तेवढीच हाय."

२५ मे ते २ जून, नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस)

सकाळी सहालाच ३३. सायकल तीनच दिवस काढली, प्रत्येक वेळी अर्धा तास. उरलेले दिवस अंगणात सडा टाकून झाल्यावर फेऱ्या. वहीत तो आठवडा ९० मिनिटांचा आहे, दीडशेचा नाही, आणि मी त्याला हात लावला नाही. रात्री खाट अंगणात.

६ जून

बोर रस्ता, ५५ मिनिटं, सकाळचे ३० अंश, सरासरी १२५. मार्चअखेरीस २७ अंशांत १२९ होते, आणि तेही सपाट रस्त्यावर! वेग किती ते माहीत नाही, रकाना नाही.

दवाखान्यात रक्तदाब १२६/८०, एलडीएल १२९. डॉक्टरबाई म्हणाल्या, यात गोळीचा वाटा किती, सायकलचा किती आणि उन्हाचा किती, ते थंडीत परत मोजल्यावर बोलू. वजन फक्त दीड किलो उतरलं. सासूबाईंचाही दाब मोजून घेतला, तो माझ्यापेक्षा चांगला निघाला. त्या दिवसभर ते ऐकवत होत्या.

९ जून

मृग लागला, काल रात्री तासभर पाऊस. सकाळी हौसेनं निघाले. पांदणीत दोनशे पावलांवर काळ्या मातीनं मडगार्ड असं गच्च भरलं की चाक फिरेना. काडीनं माती कोरत बसले, पट्टा ९४ दाखवत होता. शेवटी सायकल खांद्यावर घेऊन घरी आले, तेव्हा १३६.

काळ्या मातीतल्या सायकलवाल्यांनो, पावसाळ्यात मडगार्ड काढून टाकता की नुसतं वर उचलून बसवता? शाळा महिनाअखेरीस सुरू होते, त्याआधी ठरवायचंय.