भंगारातनं उभं राहिलेलं आमचं दुकान : आमची वाटचाल

2012 ला मी सांगलीतली हार्डवेअरची नोकरी सोडली आणि घरात सांगितलं की आता लोकांनी काढून टाकलेले कॉम्प्युटर विकत घेणार, नीट करणार आणि विकणार. चुलते म्हणाले, "लोकं भंगार घालवायला बघत्यात आणि तू घरात भरायला निघालास व्हय?" आई गप्पच बसली. मी वडिलांना एवढंच म्हटलं, दादा, विहिरीवरची मोटर जळली की आपण ती टाकून देतो का, रिवाइंडिंग करून आणतोच की, हे पण तसंच आहे. त्यावर्षी कारखान्याचं उसाचं बिल आलं त्यातले थोडे पैसे त्यांनी काही न बोलता माझ्या हातात दिले.

पहिला लॉट एका पतसंस्थेचा, 11 सीपीयू. भंगारवाला किलोवर मागत होता, मी नगावर घेतले आणि टेम्पो करून घरी आणून सोप्यात मांडले. एकेक उघडत गेलो तसं लक्षात आलं की पूर्ण मेलेलं असं फार थोडं असतं. दोन मशीनची तर नुसती रॅम काढून तिच्या सोनेरी पट्टीवर खोडरबर फिरवला आणि परत बसवली की डिस्प्ले आला. एकाचं एसएमपीएस, म्हणजे आतला वीजपुरवठ्याचा डबा, गेलेलं. तिघांच्या बोर्डावर प्रोसेसरजवळचे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे बारके डबे, फुगलेले होते, वरचा सपाट पत्रा पुरीसारखा टम्म आणि एकातनं तपकिरी रस बाहेर येऊन वाळलेला. त्या काळातल्या बऱ्याच बोर्डांना हा रोग होता, कारण 2000 नंतरच्या काही वर्षांत खराब इलेक्ट्रोलाइट भरलेले कपॅसिटर बाजारात आले होते, आतल्या आत गॅस धरतो आणि फुगतात. आठ-दहा रुपयांचा पार्ट, पण त्याच्यापायी अख्खा कॉम्प्युटर "बाद" लिहून बाहेर. 11 पैकी 7 चालू झाले, उरलेल्या चारांचे पार्ट पुढं वर्षभर उपयोगी पडले.

सुरुवातीला एक मोठी चूक झाली ती पण सांगतो. एका ऑफिसची मशीन घेतली, फॉरमॅट मारला आणि विकली. घेणाऱ्या पोरानं कुठलंतरी रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवलं आणि जुन्या ऑफिसच्या फाइली बाहेर आल्या. पोरगं चांगलं, सरळ मला येऊन दाखवलं. क्विक फॉरमॅटनं फक्त यादी पुसली जाते, माल आत तसाच असतो, हे मला माहीत असून मी वेळ वाचवला होता. त्या ऑफिसात स्वतः जाऊन सगळं सांगितलं, साहेब खूप बोलले आणि ते बरोबरच होते. तेव्हापासून आमच्याकडं आलेली प्रत्येक डिस्क पूर्ण ओव्हरराइट केल्याशिवाय म्हणजे जुन्या डेटावर दुसरं काहीतरी लिहिल्याशिवाय, आणि एसएसडी म्हणजे न फिरणारी चिपवाली डिस्क असेल तर सिक्युअर इरेजनं आतनंच पुसल्याशिवाय टेबलावरनं हलत नाही, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असू दे.

2019 च्या ऑगस्टचा महापूर आम्ही विसरणार नाही. सांगलीत आयर्विन पुलाजवळ 45 फूट म्हणजे धोक्याची पातळी, त्यावेळी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. आमचं दुकान विश्रामबागेत असल्यानं वाचलं, पण पाणी उतरल्यावर गणपती पेठ, मारुती रोडला गेलो तर रस्त्याच्या दोन्ही बाजूला ढीग, गाद्या, धान्याची पोती, फर्निचर आणि त्यात कॉम्प्युटर. लोकांना एकच सांगत होतो की काय पण करा, चालू करून बघू नका. पाण्यापेक्षा ओल्या चिखलात करंट सोडल्यानं जास्त बोर्ड जातात. पहिल्यांदा बोर्डावरचा बायोसचा (कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचा) गोल सेल काढायचा, मग साध्या पाण्यानं गाळ घालवायचा, नंतर डिस्टिल्ड वॉटर कारण नळाच्या पाण्यातले क्षार मागं राहतात, मग आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश, आणि नंतर दोन-तीन दिवस टेबल फॅनसमोर. बुडालेलं एसएमपीएस मात्र आम्ही कुणालाच नीट करून दिलं नाही, नवीनच घालायला लावलं, जिवाशी खेळ नको.

एक किराणा होलसेलवाले शेठ होते, त्यांचा सगळा टॅलीचा, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा, डेटा बुडालेल्या डिस्कमध्ये, बॅकअपचा पेन ड्राइव्ह पण त्याच ड्रॉवरमध्ये बुडालेला. डिस्कच्या खालचं हिरवं बोर्ड सोडवलं तर त्याच्या कॉन्टॅक्टवर काळा थर. तो साफ केला पण बोर्ड उठेना. तसल्याच मॉडेलचं बोर्ड आमच्या जुन्या मालात होतं, पण नुसतं बोर्ड बदलून चालत नाही, प्रत्येक डिस्कचं स्वतःचं सेटिंग रॉम चिपमध्ये असतं म्हणून ती बारकी चिप हॉट एअरनं उचलून दुसऱ्या बोर्डावर बसवली. डिस्क फिरल्याचा आवाज आला, फोल्डर उघडलं. शेठ खुर्ची ओढून बसले आणि सगळ्यात आधी उधारीची यादी उघडायला लावली. ज्या डिस्कच्या आत पाणी शिरलं होतं त्या आम्ही उघडल्या नाहीत, पुण्याला डेटा रिकव्हरी लॅबला पाठवायला सांगितलं, काहींचा डेटा आला आणि काहींचा नाही. त्या महिन्यात चुलते स्वतः दुकानात येऊन कॅबिनेट धुवायला बसले होते.

मग लॉकडाऊन. शाळा मोबाईलवर, एका घरात तीन पोरं आणि फोन एक. आम्ही पडून असलेले सगळे सीपीयू काढले, एसएसडी घातली, रॅम 8 जीबी केली आणि तासगाव, पलूसपर्यंत पोच केले. जुन्या मशीनला हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी घातली की जो फरक पडतो तो डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटत नाही.

आता परत तसाच काळ आलाय. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 म्हणजे सुरक्षेची चिप लागते, इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा लागतो, त्यामुळं सहाव्या-सातव्या जनरेशनच्या चांगल्या आय फाइव्ह मशीन ऑफिसं बाहेर काढायला लागलीत. आम्ही त्या मशीनमध्ये लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची सिस्टीम, टाकून देतो, पत्र टाइप करणं, ऑनलाइन फॉर्म, अभ्यास सगळं होतं. पण टॅली विंडोजवर चालतं, म्हणून ज्याचं काम टॅलीवर आहे त्याला मी स्पष्ट सांगतो की तुमच्यासाठी हे नाही, थोडी नवीन मशीन बघूया. विकायच्या नादात खोटं सांगणं मला जमत नाही.

जे खरंच संपलं ते अधिकृत रिसायकलरकडं जातं. 1 एप्रिल 2023 पासूनच्या नवीन ई-कचरा नियमांत रिफर्बिशरला, म्हणजे आमच्यासारख्या जुनं नीट करून विकणाऱ्याला, पण नोंदणी आहे आणि ते बरंच झालं, कारण तांब्यासाठी वायरी जाळणारे मी जवळनं बघितलेत, तो काळा धूर कुणाच्या तरी पोराच्या छातीत जातो.

सध्या टेबलावर जत तालुक्यातल्या एका शाळेच्या 9 मशीन आहेत, 6 झाल्या, तीन नो डिस्प्ले आहेत, त्यातल्या एकीवर बायोस चिपचा संशय आहे. दुकान रविवारी बंद असतं. लॅपटॉप आणताना चार्जर बरोबर आणा, आणि पाणी किंवा चहा सांडलेला असला तर बटन न दाबता तसाच आणा.