लॉग मेट्रिक शोधणारं टूल: कोड झाला, आता डॉक्स

टूल चालतंय. गूगल क्लाउडच्या प्रोजेक्टमधलं लॉगवर आधारित मेट्रिक (लॉग म्हणजे सिस्टीमने लिहिलेल्या नोंदी, आणि त्यांतल्या ठरावीक नोंदी मोजणारं मापक म्हणजे हे मेट्रिक) नावाने शोधायचं आणि त्याची व्याख्या एआय एजंटच्या हाती द्यायची, एवढंच त्याचं काम. आत क्लाउड लॉगिंग या लॉग सांभाळणाऱ्या सेवेच्या एपीआयला एक गेट कॉल (माहिती मागणारी विनंती), बाहेर एमसीपी सर्व्हर. एमसीपी म्हणजे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, एजंटला बाहेरची टूल्स जोडायची ठरलेली पद्धत. कोड जेमतेमच आहे, म्हणून या टप्प्यात सगळा वेळ डॉक्सला, म्हणजे टूलबद्दलच्या लिखित माहितीला, दिला आणि तो सार्थकी लागला.

एमसीपीमध्ये एजंट टूल्सची यादी मागतो तेव्हा प्रत्येक टूलमागे त्याला मुख्यतः नाव, वर्णन आणि इनपुटचा जेसन स्कीमा (काय आणि कुठल्या रूपात द्यायचं त्याचा आराखडा) मिळतो. माणूस अडला तर सोर्स उघडतो, शेजारच्याला विचारतो. एजंट वर्णनात नसलेली गोष्ट बरेचदा अंदाजाने भरून काढतो, आणि तो अंदाज बेधडक सांगून मोकळा होतो. म्हणून टूल काय करतं यापेक्षा काय करत नाही, हे मी आधी लिहिलं.

वर्णनाचं पहिलंच वाक्य आता असं आहे: ‘हे टूल मेट्रिकची व्याख्या देतं, आकडे देत नाही.’ व्याख्या म्हणजे फिल्टर (उदाहरणार्थ सिव्हिरिटी>=एरर, म्हणजे एरर किंवा त्याहून गंभीर नोंदी), वर्गवारीची लेबलं, नोंदीतून आकडा काढणारा व्हॅल्यू एक्स्ट्रॅक्टर वगैरे. ‘काल रात्री किती एरर आल्या?’ असं विचारलं की नावात मेट्रिक दिसल्यामुळे एजंट इकडेच धावतो. खरे आकडे क्लाउड मॉनिटरिंग या दुसऱ्या सेवेच्या टाइम सीरीजमध्ये (वेळेनुसार मांडलेल्या आकड्यांत) असतात आणि तिथे मेट्रिकच्या नावाआधी ‘लॉगिंग.गूगलएपीआयज.कॉम/यूझर/’ लागतं. हे पूर्ण नाव आउटपुटमध्येच तयार करून देतोय, म्हणजे पुढच्या टूलला ते जसंच्या तसं वापरता येईल.

सगळ्यात जास्त घासूनपुसून लिहिलेला भाग रिकाम्या आलेखाचा. लॉग मेट्रिक पूर्वलक्षी नसतं. ते तयार झाल्यानंतर आलेल्या नोंदीच मोजतं. आज मेट्रिक बनवलं आणि मागच्या आठवड्याचं विचारलं, तर तिथे काहीच सापडणार नाही. एजंटने त्यावरून ‘मागच्या आठवड्यात एकही एरर नव्हती’ असा अहवाल दिला, तर ऑन-कॉलवरचा (बिघाड सांभाळायला ड्युटीवर असलेला) माणूस नको तिथे निश्चिंत होईल. म्हणून निर्मितीची वेळ आउटपुटच्या अगदी वर ठेवली. जुन्या मेट्रिक्समध्ये ही वेळ नसूही शकते. तेव्हा टूल ‘निर्मितीची वेळ उपलब्ध नाही’ असं स्पष्ट सांगतं. शेजारीच ‘डिसेबल्ड’ची खूण, कारण बंद केलेलं मेट्रिक व्याख्येसकट जागेवर असतं, फक्त नवे पॉइंट (आलेखातले आकडे) देत नाही. शेवटच्या बदलाची वेळही दिली आहे. मध्येच फिल्टर बदललं असेल तर आधीचे पॉइंट जुन्या फिल्टरने मोजलेले असतात, आणि तो उंचसखलपणा आलेखात बिघाडासारखा दिसतो.

आणखी एक खाचखळगा, जो मला फार महत्त्वाचा वाटतो. प्रोजेक्ट स्तरावरची, आपण बनवलेली मेट्रिक्स वगळलेले लॉगही मोजतात. म्हणजे एक्स्क्लूजन फिल्टरमुळे जे साठवलेच जात नाहीत, तेही संख्येत धरलेले असतात. मेट्रिक म्हणतं भरपूर, साठवलेले लॉग दाखवणाऱ्या लॉग एक्सप्लोररमध्ये नोंदी मोजक्याच, आणि दोन्ही बरोबर. वर्णनात यावर स्वतंत्र वाक्य आहे, नाहीतर एजंट ही तफावत बग म्हणून सांगणार.

नावांचं प्रकरण त्यामानाने सोपं. मेट्रिकच्या नावात तिरकी रेघ चालते, जसं ‘एनजिनएक्स/रिक्वेस्ट्स’. पण एपीआयच्या पत्त्यात तीच रेघ एन्कोड करून (सांकेतिक रूपात बदलून) ‘%२एफ’ अशी पाठवावी लागते. ते काम टूल करतं. स्कीमामध्ये फक्त ‘नाव यादीत दिसतं तसंच द्या, एन्कोड करू नका’ एवढं लिहिलं. हे वाक्य नसेल तर एजंट मदत म्हणून स्वतःच एन्कोड करून देण्याची शक्यता, आणि मग दुहेरी एन्कोडिंगमुळे असलेलं मेट्रिकही सापडत नाही.

एररचे मजकूर हासुद्धा डॉक्सचाच भाग धरलाय. मेट्रिक सापडलं नाही तर नुसतं ४०४ (‘सापडलं नाही’चा कोड) न देता प्रोजेक्टमधली मिळतीजुळती नावं परत जातात. परवानगी नसेल तर नेमकी कुठली हवी ते येतं: ‘लॉगिंग.लॉगमेट्रिक्स.गेट’, जी लॉग्ज व्ह्यूअर या भूमिकेत मिळते. लिहिण्याचा कुठलाही अधिकार या टूलला लागत नाही, म्हणून एमसीपीच्या ॲनोटेशनमध्ये रीड-ओन्लीची खूण लावली. ती फक्त सूचना असते, खरा अटकाव आयएएमनेच (गूगल क्लाउडच्या परवानगी-व्यवस्थेनेच) होतो, हेही सेटअपच्या पानावर आहे.

यापुढे लॉग बकेटच्या (लॉग साठवायच्या कप्प्याच्या) स्तरावरची मेट्रिक्स घेतोय. त्यांत ‘बकेट नेम’ हे जादा फील्ड असतं आणि मोजणी त्या बकेटपुरतीच होते, त्यामुळे वगळलेल्या लॉगांबद्दलचं वरचं वाक्य त्यांच्यासाठी वेगळं लिहावं लागणार आहे.