आधी हात, मग बूट

तीन वर्षांच्या मुलाला सांगून पाहा, ‘बूट घालण्याआधी हात धू.’ पुष्कळदा ते आधी बूट घालतं आणि मग हात धुवायला निघतं. यात हट्ट नसतो. जे आधी कानावर पडलं ते आधी करायचं, असा या वयाचा सरळ हिशेब. ‘हात धू, मग बूट घाल’ म्हटलं की काम होतं. मोठ्यांचं तरी काय वेगळं? ‘झाकण उघडण्यापूर्वी वीजपुरवठा बंद केल्याची खात्री करावी’ हे वाचताना आपलाही हात आधी झाकणाकडेच जातो.

सोपं लिहायचं म्हणजे शब्द बारके करायचे, असं उगाच मानलं जातं. मुलांना डायनोसॉरची लांबलचक नावं तोंडपाठ असतात. त्यांचं अडतं ते ‘थोड्या वेळाने’ आणि ‘नीट वाग’ यांपाशी. नीट म्हणजे नेमकं काय करायचं? ‘पुस्तक दोन्ही हातांनी धर’ हे लगेच जमतं. ‘पळू नकोस’ यात काय टाळायचं तेवढंच आहे. ‘हळू चाल’ म्हटलं की पायांना काम मिळतं. दोन वर्षांच्या मुलाला एका दमात दोनच कामं सांगावीत, तिसरं आलं की पहिलं गळतं. उपरोधाच्या तर वाटेलाच जाऊ नये. ‘वा, काय सुंदर पसारा घातलास!’ म्हणाल, तर ते खूश होऊन उरलेली खेळणीही ओतेल.

पण सोपं करता करता खोटं सांगायची सवय लागते, ती वाईट. ‘सूर्य झोपायला गेला’ म्हणून वेळ मारून नेता येते, पण पुढचा ‘का?’ आला की पंचाईत. त्यापेक्षा अंधाऱ्या खोलीत टॉर्च लावून ठेवा. चेंडूवर पेनाने ठिपका काढा, हा ठिपका म्हणजे आपलं घर. चेंडू जागच्या जागी, सावकाश फिरवा. ठिपका उजेडातून अंधारात जातो आणि पुन्हा उजेडात येतो. ‘परिवलन’ हा शब्द त्यानंतर सांगितला तरी चालतो, मुलं तो आवडीने घोकतात. फक्त चेंडू स्थिर ठेवून टॉर्च त्याच्याभोवती फिरवू नका. ठिपका तेव्हाही अंधारात जातो, पण मुलाच्या डोक्यात सूर्यच पृथ्वीभोवती फिरू लागतो.