तुम्ही विचारलंत म्हणून: निवेदनाच्या वर्गात कोनन कशाला?

सूत्रसंचालन शिकवताना मी अमेरिकन टीव्हीवर रात्री उशिरा गप्पांचे विनोदी कार्यक्रम करणाऱ्या कोनन ओब्रायनचे व्हिडिओ दाखवते आणि वर्ग संपला की कुणीतरी हमखास विचारतं, ‘मॅडम, मराठीत इतके चांगले निवेदक असताना हा अमेरिकन माणूस कशाला? शिवाय त्याला तर चॅनेलने घरी बसवलं होतं ना?’ सुधीर गाडगीळांच्या मुलाखती ऐकत आमची पिढी घडली, तेव्हा मराठीत कोणी नाही असं मी म्हणणारच नाही. पण एखादा कच्चा निवेदक सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पक्का कसा होत जातो, हे बघायचं असेल तर कोननइतकं उघडं उदाहरण मला ठाऊक नाही. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

१९९३ साली गाजलेला निवेदक डेव्हिड लेटरमन एनबीसी हे चॅनेल सोडून सीबीएस या दुसऱ्या चॅनेलकडे गेला आणि त्याच्या मध्यरात्रीनंतरच्या ‘लेट नाइट’ या गप्पांच्या कार्यक्रमाची खुर्ची रिकामी झाली. निर्माता लॉर्न मायकल्सने तिथे बसवला तीस वर्षांचा एक लेखक, हाच कोनन. ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ आणि ‘द सिम्पसन्स’ या विनोदी टीव्ही कार्यक्रमांसाठी त्याने उत्तम लिहिलं होतं, पण कॅमेऱ्यासमोरचा अनुभव जवळजवळ नाहीच. सप्टेंबरमध्ये कार्यक्रम सुरू झाला आणि समीक्षकांनी त्याला अक्षरशः सोलून काढलं. जुने भाग बघितले की त्यांचा राग कळतो. हात कुठे ठेवायचे ते त्याला उमजत नाही, वाक्य संपायच्या आत तो स्वतःच घाईने पुढच्या विनोदाकडे धावतो, समोरचा पाहुणा बोलत असताना याचं लक्ष पुढच्या प्रश्नावर असतं. चॅनेलनेही त्याला बराच काळ तेरा-तेरा आठवड्यांच्या मुदतवाढीवर टांगून ठेवलं होतं. १९९४ मध्ये खुद्द लेटरमन पाहुणा म्हणून आला आणि कार्यक्रमाच्या लेखनाचं मनापासून कौतुक करून गेला, त्याने थोडा धीर आला असणार.

मग बदललं काय? माझं उत्तर ठाम आहे: तो ऐकायला शिकला.

अशा कार्यक्रमांत मुलाखत वाटते तितकी अचानक घडत नाही. पाहुण्याशी आधी फोनवर बोलणं होतं, त्यातले दोन-तीन किस्से निवडले जातात, निवेदकाच्या हातात कार्डं येतात. कच्चा निवेदक कार्डाला चिकटून राहतो. मी वर्गात १९९७ चा एक भाग दाखवते. अभिनेत्री कर्टनी थॉर्न-स्मिथ तिच्या येऊ घातलेल्या सिनेमाविषयी सांगते आहे आणि आपली पाळी संपवून शेजारी बसलेला विनोदवीर नॉर्म मॅकडॉनल्ड मध्ये मध्ये तोंड घालतो आहे. शिस्तीचा निवेदक त्याला गप्प करेल. कोनन उलट त्याला वाट करून देतो, शेवटी तर ‘आता यावर काहीतरी करून दाखव’ म्हणून आव्हानच देतो. नॉर्म एका वाक्यात सगळा स्टुडिओ लोळवतो, आणि कोनन स्वतः हसून बेजार होतो. त्या दहा मिनिटांतलं सर्वात मोठं हसू त्याने दुसऱ्याला घेऊ दिलं. हा भाग थांबवून थांबवून बघा. नॉर्म बोलत असताना कोननची नजर कुठे असते ते बघा.

दुसरा प्रसंग २००८ चा. हॉलिवूडच्या लेखकांचा संप चालू होता. कोनन स्वतः लेखक संघटनेचा सभासद, त्यामुळे त्याचे लेखक बाहेर असताना लिहिलेला विनोद वापरायचा नाही, हे तो पाळत होता. दुसरीकडे कार्यक्रम बंद राहिला तर बाकीच्या कर्मचाऱ्यांचे पगार बुडणार. काही काळ ते त्याने खिशातून दिले. जानेवारीत तो लेखकांशिवाय, दाढी वाढवून परत आला. वेळ भरायला काय केलं? बोटातली लग्नाची अंगठी काढून टेबलावर भोवऱ्यासारखी फिरवली आणि ती किती सेकंद टिकते ते घड्याळ लावून मोजलं. पुढच्या दिवशी पुन्हा. काही भागांनंतर प्रेक्षक त्या अंगठीसाठी जीव टांगून बसू लागले! हातात काहीही नसताना प्रेक्षकांना धरून ठेवणं म्हणजे काय, हे मला कुठल्याही पुस्तकातून इतकं नीट सांगता आलं नसतं.

आता ‘घरी बसवलं’ त्याविषयी. जून २००९ मध्ये त्याला एनबीसीचाच, ‘लेट नाइट’च्या आधी लागणारा मानाचा ‘द टुनाइट शो’ मिळाला. नामवंत निवेदक जॉनी कार्सनने तीस वर्षं सांभाळलेली ती जागा. सात-आठ महिन्यांतच चॅनेलने ठरवलं की कोननच्या आधीचा ‘टुनाइट’चा निवेदक जे लेनो याला रात्री अकरा पस्तीसला परत आणायचं आणि ‘टुनाइट’ बारा पाचला ढकलायचा. कोननने जाहीर पत्र काढून नकार दिला. त्यामुळे त्याला काढून टाकलं हे अर्धसत्य आहे. त्याने कार्यक्रमाची मोडतोड मान्य केली नाही आणि तडजोडीची रक्कम घेऊन तो बाहेर पडला. त्या तडजोडीत आपल्या माणसांनाही भरपाई मिळेल हे त्याने बघितलं. २२ जानेवारी २०१० च्या शेवटच्या भागात, सगळं हातातून जात असताना, त्याने तरुण प्रेक्षकांना विनवलं की कडवट होऊ नका. मी ते भाषण दर वेळी पूर्ण दाखवते आणि दर वेळी माझा गळा भरून येतो.

पुढचं थोडक्यात: टीबीएस या केबल चॅनेलवर जवळजवळ अकरा वर्षं, २०१८ पासून पॉडकास्ट, जगभरची भटकंती, २०२५ मध्ये विनोदासाठीचं मार्क ट्वेन पारितोषिक आणि ऑस्करचं सूत्रसंचालन. त्या ऑस्करला त्याने भारतातल्या प्रेक्षकांना मोडक्या हिंदीत नमस्कारही केला.

सुरुवात कुठून करू, असंही विचारता, तर २००४ चा बेसबॉलचा भाग बघा. न्यूयॉर्कजवळच्या ओल्ड बेथपेजमधल्या, जुन्या काळासारख्या जपलेल्या संग्रहालय-गावात काही हौशी लोक १८६४ च्या नियमांनी, त्या काळच्या कपड्यांत खेळतात आणि त्याच काळातली माणसं म्हणून वावरतात. कोनन त्यांच्यात मिशा लावून उतरतो. त्यांची टिंगल करणं अगदी सोपं होतं. पण तिथल्या एका बाईशी तो बोलतो तेव्हा ती क्षणभरही आपली भूमिका सोडत नाही, आणि हा आजच्या काळातलं काहीतरी विचारून तिला डिवचत राहतो. ती जितकी ठाम, तितका हा खुलतो. त्याचा स्वतःचाही हा फार आवडता भाग आहे. एकदा आवाज बंद करून बघा, फक्त त्याचा चेहरा. मग पुढच्या कार्यक्रमात तुमचा पाहुणा बोलत असताना हातातली कार्डं उलटी करून मांडीवर ठेवा.