ती वर यायची का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमच्या काचेच्या कपाटात, मुलाच्या बक्षिसाच्या कपांमागे, राखाडी प्लास्टिकचा बोटभर तुकडा आहे. घरी येणारा प्रत्येक जण आधी विचारतो, ‘हे काय?’ मी सांगते, पाणबुडी. मग दुसरा प्रश्न हमखास येतो: ‘आणि ही खरंच वर यायची?’

यायची. पण पहिले चार महिने नाही आली.

आमचं घर मालवणजवळ. धाकटे काका बोटीवर होते. बोटीवर म्हणजे मालवाहू जहाजावर, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. वर्ष-दीड वर्षाने यायचे तेव्हा ट्रंकेतून साबण, नायलॉनची साडी, दाढीची ब्लेडं निघायची. 1971च्या मे महिन्यात माझ्यासाठी ही निघाली. मी नऊ वर्षांची. पाणबुडी म्हटल्यावर आजीच्या डोळ्यांपुढे तळ्यात बुड्या मारणारा तो लहानसा पक्षी आला. काका हसले आणि म्हणाले, ही लोखंडाची असते आणि आत माणसं असतात. आजीने तोंडाला पदर लावला.

अमेरिकेत 1950च्या दशकात असल्या पाणबुड्यांचं वेडच होतं. केलॉग्जच्या खोक्यांतून त्या मिळायच्या. माझी कुठल्या बंदरातली होती कुणास ठाऊक. पोटाखाली एक वाटीसारखी खोबण, तिच्यावर बारीक भोकाचं पत्र्याचं झाकण. खोबणीत पूड भरायची, पाण्याखाली धरून आतली हवा घालवायची आणि सोडून द्यायची. सोबत इंग्रजी चिठ्ठी होती. त्यावर लिहिलं होतं: फक्त बेकिंग पावडर वापरा.

बाबांनी चिठ्ठी वाचली आणि निकाल दिला, ‘म्हणजे आपला खायचा सोडा.’ काका तोवर परत बोटीवर गेले होते.

खायचा सोडा दाबून भरला. पाणबुडी घंगाळाच्या तळाशी जाऊन बसली ती बसलीच. कोमट पाणी घेतलं, सोडा चाळून घेतला, झाकणाचं भोक सुईने मोठं केलं. ढिम्म. सोड्याला फसफसायला आंबट काहीतरी लागतं, नुसत्या पाण्यात तो गुपचूप विरघळतो, हे आम्हाला कोण सांगणार? चुलतभावाला भज्यांच्या पिठात आई सोड्यावर लिंबू पिळते तेवढं आठवलं. आम्ही घंगाळात चार लिंबं पिळली. एवढ्या पाण्यात चार लिंबांचं काय होणार! दोन-चार बुडबुडे आले आणि थांबले. तांब्याचं घंगाळ मात्र आतून असं लख्ख झालं की आजी म्हणाली, रोज खेळा.

मग बाबांची ॲसिडिटीची पूड चोरली. ती पाण्याला शिवते न शिवते तोच सगळी एकदम फसफसली. पाणबुडी तळाला पोचायच्या आत पोट रिकामं. तिचं दुखणं काय ते तेव्हा पहिल्यांदा कळलं. वायू हवा, पण दमादमाने हवा.

सुटका केली ती बाजारातल्या गोटी सोडावाल्या काकांनी. लिंबू सोड्याला आंबटपणा कशाने येतो, विचारल्यावर त्यांनी बरणीतलं लिंबूसत्व कागदाच्या पुडीत बांधून दिलं. कोरडा सोडा, कोरडं सत्व, आणि फार भडकू नये म्हणून चिमूट मैदा. मैद्याची अक्कल आईची. पुढे कितीतरी वर्षांनी पुण्यात बेकिंग पावडरीचा डबा हातात घेऊन मागचा मजकूर वाचला, तर त्यातही सोडा, एक-दोन आम्लं आणि स्टार्च. मी दुकानात एकटीच हसले. आईने मालवणात बसून तोच डबा तयार केला होता!

गणपतीच्या सुट्टीत ती वर आली. तळाशी टेकली, झाकणाच्या कडेने मोहरीएवढे बुडबुडे जमले, त्यांचा एक मोठा फुगा झाला, आणि नाक उचलून ती सरळ वर. पृष्ठभागावर एका कुशीला कलली, पोटाखालचा फुगा ‘बुळुक’ करून सुटला, की परत खाली. अकरा वेळा. खरी पाणबुडी टाक्यांत समुद्राचं पाणी घेऊन बुडते आणि दाबाखाली साठवलेली हवा त्याच टाक्यांत सोडून, पाणी बाहेर ढकलून वर येते. विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर आपल्या नौदलाची जुनी पाणबुडी ‘कुरसुरा’ लोकांना बघायला ठेवली आहे. एक्क्याण्णव मीटर लांब, आणि आत दोन माणसं एकमेकांना ओलांडू शकत नाहीत इतकी चिंचोळी. तिच्यात शिरले तेव्हा माझ्या नाकात लिंबूसत्वाचा वास होता. कुणाला सांगितलं नाही.

तर डिसेंबरात लढाई लागली. रात्री दिवे मालवायचे, कंदिलाच्या काचेला काळा कागद. पाकिस्तानची पाणबुडी ‘गाझी’ विशाखापट्टणमजवळ बुडाली म्हणून शाळेत आम्ही नाचलो. मी वर्गात पाणबुडी नेऊन दाखवली, भाव खाल्ला. मग आपल्या नौदलाच्या ‘खुकरी’ या युद्धनौकेची बातमी आली. 9 डिसेंबरच्या रात्री, दीवच्या समुद्रात, पाकिस्तानी पाणबुडीने बुडवली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. तिचे कप्तान मुल्ला जहाजाबरोबरच गेले. आकडे मी नंतर वाचले. तेव्हा एवढंच कळलं की रेडिओभोवतीची माणसं बोलायची थांबली, आणि पाणबुडी हा शब्द घरात कुणी उच्चारेना.

त्या संध्याकाळी आजीने माझी पाणबुडी घंगाळातून काढली, पदराला पुसली आणि फडताळात गुळाच्या डब्यामागे ठेवून दिली. रागावली नाही. मी रडले, तरी बोलली नाही. नेव्हीची बोट वेगळी, मालाची वेगळी, हे बाबांनी तिला दहादा सांगितलं. ती म्हणायची, ‘समुद्र एकच मा?’ यावर बाबांकडे उत्तर नव्हतं. काकांचं पत्र येऊन तेव्हा दोन महिने झाले होते.

लढाई 16 तारखेला संपली. पोस्टमन जानेवारीत आला. निळं हवाई पत्र, आत काकांचं किडमिडं अक्षर: खुशाल आहे, इथे थंडी फार, आईला सांगा. बाबांनी ते आजीला दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा तिने मला वाचायला लावलं.

दुपारी सगळे आडवे झाल्यावर तिने मला न्हाणीत हाक मारली. घंगाळ काठोकाठ भरलेलं. पाट मांडून ती शेजारी बसलेली, आणि मांडीवर सोडा, सत्व, मैदा, तीन वाट्या. सगळं तिला ठाऊक होतं! मी पूड भरली, हवा घालवली, सोडली. पाणबुडी खाली गेली. घंगाळात मान घालून आजीने विचारलं, तुम्ही विचारता तेच, तुमच्याआधी कितीतरी वर्षं:

‘ती परत वर येतली मा गो?’

‘येतली,’ मी म्हटलं. ‘थांब जरा.’

आजी पाटावरून हलली नाही. ती वर आली, कलली, बुळुक करून परत गेली. आजी मोजत होती. सहा झाल्यावर म्हणाली, पूड संपेस्तोवर बसूया.