भूत खरं की खोटं: गूढशोधकाची कथा बांधताना

गूढशोधकाच्या, म्हणजे भुताखेतांच्या प्रकरणांचा तपास करणाऱ्या माणसाच्या कथेत वाचकासमोर दोन प्रश्न असतात. हे केलं कोणी, आणि करणारा माणूस आहे का? दुसऱ्याचं उत्तर लेखकानं पहिल्याच पानावर देऊन टाकलं, तर हातात एक तर साधी भुताची गोष्ट उरते किंवा साधी हेरकथा. या प्रकाराची सगळी ताकद त्या दुसऱ्या प्रश्नात आहे, आणि बहुतेक नवे लेखक तिथेच घसरतात.

विल्यम होप हॉजसन या इंग्लिश लेखकाचा भूतशोधक कार्नाकी यासाठी मुद्दाम वाचावा. 1913 च्या त्याच्या पुस्तकात सहा कथा आहेत. दोन कथांत भूत निखालस खरं, दोन कथांत निव्वळ माणसाची लबाडी, आणि उरलेल्या दोन कथांत दोन्ही एकत्र. त्यामुळे कुठलीही कथा उघडली तरी ही कोणत्या जातीची, हे आधी सांगता येत नाही. आल्जर्नन ब्लॅकवुडचा जॉन सायलेन्स (1908) लेखनाच्या दृष्टीनं त्याच्याहून सरस आहे, पण त्याच्याकडे आलेलं प्रकरण अलौकिकच असणार हे आपल्याला ठाऊक असतं. उलट टोकाला होम्स. 1924 च्या ससेक्समधल्या रक्तपिपासू बाईच्या कथेत तो भुताखेतांना दारातूनच परत पाठवतो. 1929 मध्ये रोनाल्ड नॉक्स या हेरकथालेखकानं हेरकथेचे दहा नियम घातले, त्यातला दुसराच नियम अलौकिकाला सरळ बंदी घालणारा. आपल्याकडे नारायण धारपांच्या ‘समर्थ’ या पात्राच्या कथांत दुष्ट शक्ती खरी असते, हे गृहीतच असतं. तिथे उत्कंठा ‘आहे का’ याची नसते, ‘समर्थ कसे सोडवतील’ याची असते. तीही एक वाट आहे, पण ती शोधाची नाही, रक्षणाची.

भूत खरं ठेवायचं असेल, तर वाचकाशी प्रामाणिक राहण्याची जबाबदारी वाढते. कार्नाकीच्या ‘गेटवे ऑफ द मॉन्स्टर’ची बांधणी पाहा. बाधित खोलीत तो विजेच्या नळ्यांची पंचकोनी तारका मांडतो. तिच्या आत तो सुरक्षित, बाहेर धोका, हा नियम आपल्याला स्पष्ट सांगितलेला असतो. खोलीत सापडलेली जुनी अंगठी तो बरोबर घेऊन तारकेत बसतो. आणि राक्षस नेमका आत प्रकटतो, कारण त्याच्या येण्याचं दार ती अंगठीच असते. नियम मोडला नाही, पुरावा लपवला नाही, तरी घात झाला. असं व्हायचं तर भुताचे नियम तीनपेक्षा जास्त नकोत, ते कथेच्या पहिल्या तिसऱ्या हिश्श्यात यायला हवेत, आणि शेवटाचा धक्का त्यांतल्याच एकातून निघायला हवा. शेवटच्या पानावर मांत्रिकाला एकाएकी नवा मंत्र आठवला, तर वाचक अंक मिटतो.

यातली खरी कारागिरी मात्र पुराव्यात आहे. प्रत्येक पुरावा दुहेरी हवा, म्हणजे माणसालाही लागू आणि भुतालाही. समजा वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातला एक जुना वाडा आहे. माडीवर पहाटे पावलं वाजतात. बाजूच्या घराशी भिंत सामायिक आहे. पाणी आलं की शेजारी मोटर लावतात आणि सागवानी तुळयांतून हादरा येतो. छपरावर उदमांजर फिरतं. त्याच्या पावलांचा आवाज नवख्याला हमखास माणसाचा वाटतो. गव्हाणी घुबडाची किंकाळी तर भल्याभल्यांना गार करते. एवढ्या शक्यता असताना शोधकाला त्या एकेक करून खोडाव्या लागतात, आणि प्रत्येक खोडण्यात कथा पुढे सरकते. शोधकानं घरात पाऊल ठेवताच ‘इथे काहीतरी आहे’ म्हटलं, की तपास तिथेच संपला.

उपकरणांबाबत तर आजकालच्या कथा वाचवत नाहीत. बंदुकीसारखं दिसणारं इन्फ्रारेड तापमापक हवेचं तापमान मोजतच नाही. समोरच्या पृष्ठभागाचं मोजतं. त्यामुळे ‘खोलीच्या मध्यावर हवा अचानक आठ अंशांनी उतरली’ हे वाक्य त्या यंत्राच्या तोंडी शोभत नाही. हवेसाठी साधा डिजिटल तापमापक दोन-तीन ठिकाणी टांगून दर पाच मिनिटांनी नोंद घ्यावी. चुंबकीय क्षेत्राचं मीटर जुन्या वायरिंगजवळ आणि खिशातल्या मोबाइलमुळेही उसळतं, म्हणून फोन बंद करून एक फेरी, मग मेन स्विच पाडून दुसरी. फोटोतले तेजोगोल बहुतेक वेळा भिंगाजवळच्या, फ्लॅशमध्ये उजळलेल्या धुळीचे असतात. आणि सगळ्यात भरवशाची सामग्री स्वस्त असते: दारावर ताणलेला दोरा, त्यावर लाखेचा ठिपका, फरशीवर चाळलेलं पीठ, आणि प्रत्येक नोंदीपुढे वेळ. हॅरी प्राइस या खऱ्याखुऱ्या इंग्लिश भूतशोधकाच्या पेटीतही मोजपट्टी आणि आवाज न करणारे नमद्याचे जोडे होते. पिठाचा तोटा एकच. मुंग्या आणि उंदीर सकाळपर्यंत सगळा पुरावा पुसतात. पण कथेला ही अडचण फायद्याचीच, कारण पुरावा नेमका कुठे पुसला गेला यावरही वाद घालता येतो.

दोन शास्त्रीय संदर्भ शोधकाच्या तोंडी बिनधास्त घालावेत. 1998 मध्ये छापलेल्या लेखात विक टँडी या इंग्लिश अभियंत्यानं एका ‘झपाटलेल्या’ प्रयोगशाळेचं कोडं पंख्यापर्यंत नेलं. त्याच्या मते पंख्याची सुमारे 19 हर्ट्झची कंपनं कानाला ऐकू येत नव्हती, पण अंगावर काटा आणत होती. 1921 मध्ये विल्यम विल्मर या नेत्रतज्ज्ञानं एका झपाटलेल्या घराचा वृत्तांत छापला. तिथलं भूत घर तापवणाऱ्या नादुरुस्त भट्टीतून सुटणारा कार्बन मोनॉक्साइड निघालं. आपल्याकडे भट्टी नसते, पण बंद न्हाणीघरात गॅस गीझर असतो. डोकं जड होणं, छाती दडपणं, कुणीतरी मागे उभं असल्याचा भास, हे सगळं वडोदऱ्यातल्या फ्लॅटलाही लागू.

आता ठिकाणांचं. वडोदऱ्यात राहून लंडनच्या धुक्याची कथा लिहिणाऱ्यांचं मला नवल वाटतं. कमाटीबागेतल्या संग्रहालयात इजिप्शियन ममी आहे. फ्लॅक्समन लो या 1898-99 च्या शोधकाची ‘बेलब्रो’ नावाची कथा याच जोडणीवर उभी आहे: घरातल्या जुन्या, शरीर नसलेल्या शक्तीला बाहेरून आलेली ममी शरीर म्हणून मिळते. ममी भुताचं कारण नाही, साधन आहे, ही त्यातली चलाखी. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत पुस्तकांच्या लोखंडी मजल्यांमधली जमीन जाड काचेची आहे, उजेड खालपर्यंत झिरपावा म्हणून. वर कुणी चाललं तर खाली काय दिसेल, यावर एक अख्खी कथा लिहिता येईल. जुना काळ हवा असेल तर श्रीअरविंद इथे नोकरीला असतानाचा घ्या. त्यांचे धाकटे भाऊ बारीन यांनी बडोद्यात स्वयंलेखनाचे (हात आपोआप चालून आत्म्याचा संदेश लिहिला जातो, असं मानण्याचे) प्रयोग केले होते, म्हणजे त्या काळच्या शिकलेल्या मंडळींत हा विषय उघडपणे बोलला जात होता.

लबाडी उघडी पाडायला मोडी कागदासारखं हत्यार नाही. समजा, वारसांना घाबरवण्यासाठी कुणी ‘शापाचा’ जुना कागद तयार केला. पेशवाईतल्या कागदावर सुहूर सन, म्हणजे अरबी संख्याशब्दांत लिहिलं जाणारं जुनं वर्ष, असतो आणि तो मृगापासून सुरू होतो. म्हणून इसवी सन काढताना जूनपासून डिसेंबरपर्यंत 599 मिळवायचे, जानेवारीपासून मेपर्यंत 600. श्रावण 1775 चा खरा कागद ‘सीत सबैन मया व अलफ’ म्हणेल, म्हणजे 1176. बनावट करणाऱ्यानं सरसकट 600 वजा केले तर तो ‘खमस सबैन’, म्हणजे 1175 लिहून बसेल. एका शब्दात माणूस पकडला जातो. ही तारीख मात्र कथेत लवकर, सहज वाचून दाखवायला हवी; जाणकार वाचकाला ती तिथेच खटकली तर उत्तम.

लबाड माणसाला फायदाही हवा. जुन्या भाड्याचे भाडेकरू, पुण्यात आणि अमेरिकेत विखुरलेले वारस, बिल्डरची घाई, एवढं पुरे. कथेत भुवा, म्हणजे गुजरातेतला मांत्रिक, आणायचा असेल तर 2024 मध्ये गुजरातनं नरबळी आणि अघोरी प्रथांविरुद्ध कायदा केला आहे, हे त्याला माहीत असणार. तो जपून बोलेल आणि पैशाचा विषय स्वतः काढणार नाही.

दिवाळी अंकासाठी चार हजार शब्द धरले तर तक्रार आणि घर सहाशेत उरकावं. तपासाला किमान दीड हजार द्यावेत, निम्म्यावर एक खोटा उलगडा ठेवावा. त्यात एखादा माणूस पकडला जावा आणि वाचकाला हुश्श वाटावं. ‘हॉर्स ऑफ द इन्व्हिजिबल’मध्ये घोड्याच्या टापांचं सोंग करणारा सापडतो, आणि तरीही टापा वाजतात. ती वाजलेली टाप आधीच्या नोंदींतल्या एका न जुळणाऱ्या वेळेशी जुळायला हवी, नाहीतर ती आयत्या वेळी चिकटवलेली वाटते. शेवटी अनुत्तरित गोष्ट एकच ठेवावी, लहान ठेवावी, आणि ती मोजलेली असावी. उलगड्याचं भाषण चारशे शब्दांवर गेलं तर दोष भाषणात शोधू नये; मधल्या दीड हजारांत कुठला पुरावा मांडायचा राहिला, ते पाहावं आणि तिथे दुरुस्ती करावी.